आपले नाव उसने द्यावे काय?

फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी माणसाच्या मनात दोन भाव वसत असतात. एक हर्षाचा, दुसरा संशयाचा. उन्हातून आलेला वाटसरू पाणपोईपाशी ओंजळ धरतो, तेव्हा त्याच्या मनास शंका शिवत नाही. परंतु तोच वाटसरू बाजारात गेला आणि कोणी अनोळखी दुकानदार त्यास एखादी वस्तू फुकट देऊ लागला, तर तो दोन पावले मागे सरतो. ह्या दोन प्रसंगांत भेद कोणता, आणि फुकट वस्तू घेताना आपण आपल्यापाशी असलेले नेमके काय देतो, हा प्रश्न मला गेल्या पौष महिन्यात एका विमानतळावर पडला. निमित्त अगदी क्षुल्लक होते; विमानतळावर प्रवाशांना जे विनामूल्य इंटरनेट मिळते व ज्यास सर्वजण वाय-फाय म्हणतात, ते निमित्त. परंतु त्या प्रसंगी माझ्या हातून जे घडले ते क्षुल्लक नव्हते, असे मला आजही वाटते. म्हणून ते वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आम्ही उभयता धाकट्या मुलीकडे निघालो होतो. वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलावयाचे होते. धुक्यामुळे पुढचे विमान चार तास उशिरा सुटेल अशी घोषणा झाली आणि जो तो आपापली खुर्ची धरून बसला. मीही वेळ घालविण्यासाठी फोन काढला. आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे आज दूरदेशी असल्यामुळे ही रीत आता वडीलधाऱ्यांनाही परिचयाची झाली आहे. वाय-फाय चालू केले की आसपासच्या जोडण्यांची नावे ओळीने दिसतात. त्यांतून विमानतळाचे नाव निवडावे; मग एक पान आपोआप उघडते. त्यावर आपला मोबाईल क्रमांक लिहावा आणि ‘अटी वाचल्या असून त्या मान्य आहेत’ ह्या ओळीपुढच्या चौकोनात खूण करावी. क्षणार्धात सहा अंकांचा एक संदेश फोनवर येतो. त्यास ओटीपी म्हणतात. ते अंक पानावर भरले की दार उघडते. तेथे 45 मिनिटांची मुभा होती. मी हे सर्व केले. अटी वाचल्या काय? नाही. एक अक्षरही वाचले नाही. वाचल्याची खूण मात्र केली.

थोड्याच वेळात तिशीतला एक तरुण माझ्यापाशी आला. तो केनियाहून आला होता. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. त्यांना उपचारासाठी आपल्या देशातील एका इस्पितळात न्यावयाचे होते, आणि इस्पितळाचा माणूस गाडी घेऊन पुढच्या शहराच्या विमानतळावर थांबला होता. विमान उशिरा येणार हे त्यास कळविणे आवश्यक होते. परंतु ह्या तरुणाच्या केनियातील क्रमांकावर इथला ओटीपी येईना आणि ओटीपीवाचून वाय-फायचे दार उघडेना. त्याने मोठ्या नम्रतेने विचारले, “आपला क्रमांक मी ह्या पानावर लिहू काय? आपल्या फोनवर सहा अंक येतील, तेवढे मला सांगावे.”

मी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, त्याच्या वडिलांकडे पाहिले, आणि म्हणालो, “क्षमा करा, माझ्या फोनची बॅटरी संपत आली आहे.”

तो आभार मानून निघून गेला. सौभाग्यवती शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, “अहो, फोन तर तुम्ही आत्ताच चार्ज करून आणलात ना?”

मजपाशी उत्तर नव्हते.

समोरच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या; वयाने आमच्या थोरल्या मुलीएवढ्या असतील. तो तरुण त्यांच्याकडे गेला. त्यांनी त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, आणि मोकळेपणाने सांगितले की, आपला क्रमांक मी दुसऱ्यास वापरू देत नाही. परंतु इस्पितळाच्या माणसाचा क्रमांक असेल तर मी त्यास फोन लावून देते. तरुणाने खिशातून कागद काढला. बाईंनी स्वतः क्रमांक फिरविला आणि आवाज दोघांनाही ऐकू येईल असा ठेवून निरोप दिला. दोन मिनिटांत काम झाले. नंतर त्या उठल्या आणि त्यास मदत कक्षापर्यंत घेऊन गेल्या. कारण काही विमानतळांवर परदेशी प्रवाशास पासपोर्ट दाखवून वाय-फायचा सांकेतिक अंक मिळण्याची सोय असते. तशी सोय येथेही होती. त्या तरुणास ती ठाऊक नव्हती आणि मला विचारण्याचे सुचले नव्हते.

प्रसंग एवढाच. विमान आले, आम्ही मुक्कामी पोहोचलो. परंतु मनाशी वाद सुरू राहिला. क्रमांक न देण्यात मी चुकलो काय? की क्रमांक न देणे योग्यच होते आणि चूक दुसरीकडेच होती?

प्रथम हे पाहू की, विमानतळावरील हे फुकट इंटरनेट पाणपोईच्या जातीचे आहे की दुसऱ्या कोणत्या. पाणपोईवर पाणी पिणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. गाव कोणते, कोठे निघालात, परत केव्हा येणार, ह्यांपैकी कशाचीही तेथे चौकशी नसते. देणारा देतो, घेणारा घेतो, आणि दोघेही मोकळे होतात. धर्मशाळेची रीत मात्र निराळी. तेथेही प्रवाशास निवारा फुकट अथवा नाममात्र पैशांत मिळे, परंतु दाराशी एक वही असे. तीत नाव, गाव, येण्याजाण्याचा दिवस लिहून खाली सही करावी लागे. रात्री काही चोरी झाली, कोणी आजारी पडले, पोलीस आले, तर ती वही उघडली जाई. म्हणजे धर्मशाळा पैसा मागत नसली तरी नाव मागत असे. विमानतळाचे वाय-फाय हे पाणपोई नव्हे, ती वही ठेवलेली धर्मशाळा आहे. आपला मोबाईल क्रमांक हीच त्या वहीतील सही होय.

ही वही कोणी हौसेने ठेवलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे. बिनतारी जोडणीचे पहिले प्रमाणित तंत्र 1997 साली ठरले आणि पुढील दहा वर्षांत ते घरोघरी पोहोचले. पुष्कळांनी घरात यंत्र बसविले, पण त्यास परवलीचा शब्द घातला नाही. रेडिओच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत, ह्याचा त्यांना विसर पडला. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचे एक ई-पत्र आले होते. त्याचा माग काढता तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या जोडणीपाशी पोहोचला. त्या जोडणीचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केल्याचे पुढे तपासात दिसून आले. परंतु संशयाचे पहिले बोट त्या गृहस्थाकडेच वळले. दार त्याचे, म्हणून नावही त्याचे.

त्यानंतर 2009 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने सूचना काढली की, सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना घेणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी. एक तर ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा त्याच्या मोबाईलवर संदेश पाठवून खातरी करावी. विमानतळावर जे सहा अंक येतात त्यांचे मूळ येथे आहे. वस्तुतः ते सहा अंक म्हणजे ‘हा मीच’ असे आपण दिलेले वचन आहे. दुसऱ्यासाठी ते अंक वाचून दाखविणे म्हणजे, ‘हा जो जाईल, जे पाहील, जे लिहील, ते मीच केले असे धरावे’ असे सांगणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्यास साहाय्य करणे हा सद्गुण आहे, ह्याविषयी वाद नाही. मग क्रमांक देणे हे साहाय्य नव्हे काय? मला वाटते, येथे दान आणि जामीन ह्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. भुकेल्यास भाकरी दिली तर आपली एक भाकरी कमी होते. पैसे दिले तर तेवढे पैसे जातात. वेळ दिला तर तेवढा वेळ. दानास माप असते, आणि ते माप देणाऱ्याच्या हाती असते. जामिनाचे तसे नाही. जामीन राहणारा आपल्या खिशातून त्या क्षणी काहीच काढीत नाही, म्हणून त्यास ते स्वस्त वाटते. परंतु त्याने जे दिलेले असते त्याचे माप पुढे दुसऱ्याच्या वर्तनाने ठरते. कर्जाच्या कागदावर नात्याखातर सही केली आणि पुढे हप्ते आपल्याच दारी आले, अशी हकीकत आपल्यातील पुष्कळ घरांनी ऐकलेली अथवा भोगलेली असेल. सही करताना त्या मनुष्याचा हेतू वाईट होता असेही नाही. जामिनाचा धोका दुसऱ्याच्या वाईटपणात नसून त्याच्या अमर्यादपणात असतो.

शिवाय आपले नाव सर्वस्वी आपले नसते. ते वडिलांनी दिलेले असते, मुलांना लावावयाचे असते. त्याच क्रमांकाशी आपली बँक जोडलेली असते, आपले आप्तइष्ट जोडलेले असतात. म्हणून परक्यास क्रमांक न देण्याचा निश्चय हा कृपणपणा आहे, असे मी म्हणणार नाही. किंबहुना ओटीपी कोणासही सांगू नये, ही जी बँकांची शिकवण आहे, ती येथेही सोडण्याचे कारण नाही. संदेश कशासाठी आला आहे हे घाईत न वाचता अंक सांगणारी माणसे रोज फसतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, प्रत्येकजण असा आपले नाव जपून बसला, तर प्रवासात माणुसकी उरेल कोठे? आक्षेप सबळ आहे आणि माझ्या वर्तनास तो नेमका लागू पडतो. परंतु त्या बाईंचे वर्तन पाहा. त्यांनीही नाव जपले. माझ्यापेक्षा अधिक स्पष्टपणे जपले. आणि तरीही त्या तरुणाचे काम अडले नाही. त्यांनी मागितलेली वस्तू दिली नाही, पण त्याची गरज काय आहे हे विचारून घेतले. मागणी वाय-फायची होती. गरज निरोपाची होती. माझे लक्ष मागणीपाशीच अडले, म्हणून ‘द्यावे की न द्यावे’ ह्या दोनच वाटा मला दिसल्या. त्यांनी गरज पाहिली, म्हणून त्यांना तिसरी वाट सापडली. तीत त्यांचे काय गेले? दोन मिनिटे, फोनचे थोडे बोलणे, आणि मदत कक्षापर्यंतची पावले. हे सारे मापाचे होते. म्हणजे त्यांनी जामीन नाकारला आणि दान केले.

मी मात्र दोन्ही नाकारले, आणि वर खोटे बोललो. ह्या खोट्याचा विचार मला अधिक छळतो. नाव जपावयाचे म्हणून मी क्रमांक दिला नाही. परंतु नाव म्हणजे तरी काय? माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा, हीच ना नावाची किंमत? मग तो शब्दच मी बॅटरीच्या निमित्ताने खर्चून टाकला. तिजोरी जपताना तिच्यातील धन गमावावे, तसे हे झाले. खरे कारण सांगण्यास भीती कशाची होती? ‘आपला क्रमांक मी परक्यास वापरू देत नाही’ हे वाक्य कठोर वाटेल, समोरचा दुखावेल, असे मनात आले. वस्तुतः तो तरुण बाईंच्या नकाराने दुखावला नाही. स्पष्ट नकारापाठोपाठ साहाय्याचा हात आला की नकार बोचत नाही. आपण खोटी सबब सांगतो ती दुसऱ्याच्या भल्यासाठी क्वचितच असते. पुढचा प्रश्न टाळावा म्हणूनच बहुधा ती असते.

आणि खोटे बोलण्याचा तो पहिला प्रसंगही नव्हता. अर्ध्या तासापूर्वी ‘अटी वाचल्या’ ह्या ओळीपुढे मी खूण केली होतीच. येथे वाचक हसतील. त्या अटी कोण वाचतो? कोणीच वाचत नाही, हे खरे. 2017 साली इंग्लंडातील मँचेस्टर येथील वाय-फाय पुरविणाऱ्या एका कंपनीने मुद्दाम आपल्या अटींत एक विचित्र कलम घातले. फुकट वाय-फाय घेणाऱ्याने 1000 तास समाजसेवा करावी, तीत सार्वजनिक शौचकूप स्वच्छ करणे आणि भटक्या कुत्र्यांना कुरवाळणे ही कामेही धरली होती. दोन आठवड्यांत 22,000 हून अधिक लोकांनी ते मान्य केले. कलम ध्यानात आले ते केवळ एकाच्या. कंपनीने अर्थातच कोणास कामास जुंपले नाही. लोक न वाचता होकार देतात एवढेच तिला दाखवावयाचे होते.

ह्यात दोष सर्वस्वी प्रवाशाचा नाही. पाऊण तासाच्या सोयीसाठी वकिली भाषेतील लांबलचक पाने पुढे टाकणे आणि नंतर ‘वाचले’ असे त्याच्याकडून वदवून घेणे, ही रीत त्यास खोटे बोलण्यास शिकविणारी आहे. आपल्या संसदेने 2023 साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला, त्यात संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. हे शब्द उत्तम आहेत. परंतु कायदा फार तर वही नीट ठेवण्यास भाग पाडील. सही करताना डोळे उघडे ठेवणे हे सही करणाऱ्याचेच काम राहील. सर्व अटी वाचणे शक्य नसेल, तर निदान तीन गोष्टी पाहाव्यात. आपला क्रमांक जाहिरातींसाठी वापरण्याची परवानगी वेगळ्या चौकोनात मागितली आहे काय, माहिती दुसऱ्या कोणास दिली जाणार आहे काय, आणि जोडणी खरोखर विमानतळाचीच आहे काय.

ह्यांपैकी शेवटच्या गोष्टीविषयी थोडे सांगितले पाहिजे. 2024 साली ऑस्ट्रेलियात एका मनुष्यावर असा आरोप ठेवण्यात आला की, पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेड येथील विमानतळांवर तो खऱ्या जोडणीसारख्याच नावाची खोटी जोडणी उभारीत असे, आणि तीवर आलेल्या प्रवाशांकडून त्यांच्या ई-पत्रांचे वा समाजमाध्यमांचे परवलीचे शब्द काढून घेत असे. विमानतळाच्या वाय-फायसाठी मोबाईल क्रमांक आणि ओटीपी पुरतो. ई-पत्राचा अथवा बँकेचा परवलीचा शब्द तेथे कधीही लागत नाही. तो मागितला गेला तर दार खोटे समजून मागे फिरावे. नाव ठाऊक नसल्यास कर्मचाऱ्यास विचारून घ्यावे. पैशाचे व्यवहार अशा जोडणीवर करू नयेत. त्यासाठी आपल्या फोनचे स्वतःचे इंटरनेट बरे.

एक गोष्ट आणखी. ही सोय फुकट आहे असे आपण म्हणतो, तेही पूर्ण खरे नव्हे. आपल्या देशातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रवाशाकडून विमानतळ विकासाचे शुल्क तिकिटातच घेतले जाते. दिवे, खुर्च्या, पाणी, वाय-फाय ह्यांचा खर्च शेवटी प्रवाशांच्याच पैशांतून निघतो. त्या केनियाच्या तरुणानेही तिकीट काढले होते. म्हणजे तो माझ्यापाशी भीक मागत नव्हता. ज्या सोयीवर त्याचा माझ्याइतकाच अधिकार होता, तिच्या दारात तो केवळ परका म्हणून अडला होता. हे मला त्या वेळी उमगले असते, तर मी निदान उठून त्याच्यासह मदत कक्षापर्यंत गेलो असतो. परगावी आपली मुले अशीच कोणत्या तरी दारात परकी म्हणून उभी असतात, आणि कोणी तरी दोन पावले त्यांच्यासह चालावे अशी आपली अपेक्षा असते.

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे माझे उत्तर असे की, आपले नाव उसने देऊ नये. परक्यासही नाही, आणि न वाचलेल्या कागदासही शक्य तोवर नाही. परंतु नाव राखणे म्हणजे हात आखडणे नव्हे. जे मापाने देता येते ते सढळपणे द्यावे, आणि जे देता येत नाही ते का देता येत नाही हे खरे सांगावे. परतीच्या प्रवासात त्याच विमानतळावर पुन्हा दोन तास बसावे लागले. वाय-फायचे पान उघडले, तेव्हा मी चष्मा लावून अटी वाचावयास घेतल्या. सर्व काही वाचून झाले नाही. जाहिरातींच्या परवानगीचा चौकोन मात्र सापडला. तो मी रिकामा ठेवला. सौभाग्यवतीने विचारले, “आज एवढे काय वाचताहात?” मी म्हणालो, “सही करण्यापूर्वी वही वाचतो आहे.”